हात नाई हालत, तार हालते

शिलाईच्या दुकानात चिंध्या कधी साठतात ते कळत नाही. रोज झाडलं तरी महिन्याला एक पोतं भरतंच. किस्स्यांचं तसंच आहे. सांभाळून ठेवू म्हणून कोणी ठेवत नाही. वर्षानुवर्षं शेजारी-शेजारी बसलं की ते आपोआप टेबलाखाली जमतात. शेलूबाजारात माझं पिको-फॉलचं दुकान आहे, आणि माझ्याजवळचं अर्धं पोतं एकट्या उत्तमभाऊंचं आहे.

उत्तमभाऊ म्हणजे माझ्या भिंतीला लागून असलेल्या गाळ्यातले मोटर रिवाइंडिंगवाले. बोअरची, पंख्याची, चक्कीची, कसलीही जळालेली मोटर आणून टाका, ते तिच्या पोटातली जळकी तार काढून नवी भरून देत. आमच्या दोन गाळ्यांच्या समोर एक बाकडं. त्या बाकड्यावर दुपारी हमखास सापडणारा तिसरा माणूस गजानन. गावाला लागून त्याचा भाजीचा मळा आहे. सकाळी वांगी-मेथी विकून झाली की तो आमचं डोकं खायला मोकळा. तो मला वैनी म्हणतो, उत्तमभाऊ ताई म्हणत.

कोणीही भेटलं की म्हणतं, "उत्तमभाऊचा एखादा किस्सा सांग ना." लोकांना हसायचे हवे असतात. माझ्याकडे हसायचे आणि रडायचे, दोन्ही आहेत.

*

गजाननच्या नातीचा वाढदिवस होता. तो आठ दिवस आधीपासून बाकड्यावर कुरकुरत होता. "केक कापला का समदे पोट्टे मोबाईलात डोकं खुपसून बसतात. उत्तमभाऊ, एखांदा खेळ काढा ना बावा."

उत्तमभाऊंनी भंगारातून कूलरची स्विंग मोटर उचलली. कूलरची झापडं इकडून तिकडे फिरवते ती, तळहातात मावेल एवढी आणि अगदी सावकाश फिरणारी. तिच्यावर त्यांनी प्लायवूडची गोल तबकडी बसवली. तबकडीच्या कडेने एक जाड उघडी तार उभी केली, पातूरच्या घाटासारखी चढ-उताराची. खेळणाऱ्याच्या हातात लाकडी मुठीची एक कडी. बटण दाबलं की तबकडी फिरते आणि तार कडीच्या आतून सरकत जाते. आपण जागेवर उभं राहून हात फक्त वर-खाली करायचा, कडी तारेला लागू द्यायची नाही. लागली की मोटरसायकलच्या इंडिकेटरचा बझर टीईई करून बोंबलतो. मोटर घरच्या लाईटवर, बझर मात्र फवारणी पंपाच्या बॅटरीवर. एक फेरा मुकाट्याने गेला की स्टीलचा पेला बक्षीस.

त्या मोटरला एक खोड होती. बटण दाबल्यावर ती कधी डावीकडे सुटायची, कधी उजवीकडे. उलटी सुटली की बंद करून परत दाबायचं. "तिच्या मनावर हाये," उत्तमभाऊ म्हणायचे.

वाढदिवसाला लहान पोरांनी पटापट पेले नेले. मोठी माणसं पहिल्या वळणावरच बोंबलली. गजानन स्वतः अकरा वेळा खेळला आणि अकराही वेळा बझर वाजला. नात हसून हसून लोळायला लागली, तेव्हा तो कडी आपटून म्हणाला, "माहा हात नाई हालत. तार हालते!"

ते वाक्य आमच्या रांगेला चिकटलं ते चिकटलंच. माझा एक ब्लाऊज तिरका कापला गेला, तर दोघं एका सुरात म्हणाले, "हात नाई हालत, कापड हालते." नात तर आजोबांच्या हातात कडी दिसली की आधीच तोंड उघडून तयार असायची.

*

उत्तमभाऊंचा स्वतःचा हात ही वेगळीच गोष्ट होती. खेळ कसा खेळायचा हे दाखवताना ते डाव्या हातात काठोकाठ भरलेला चहाचा कप धरायचे आणि उजव्या हातात कडी. फेरा पूर्ण व्हायचा, बझर गप्प, चहा जागच्या जागी. मग तो चहा पिऊन टाकायचे. "झालं. सोपं हाये," एवढंच बोलायचे.

त्यांना त्या हाताचा गर्व होता. मला तो गर्व आवडायचा. बत्तीस वर्षं त्याच हातावर घर चाललं होतं, पोरगी शिकली होती.

वेटोळं भरताना तारेच्या वेढ्यांची मोजणी चुकली की सगळं काम पुन्हा. म्हणून ते कामात असताना कोणी काही विचारलं, तर उत्तरात नुसता आकडा यायचा. एकदा त्यांच्या घरच्या, सुशीलावहिनी, भर उन्हात जवळजवळ पळत आल्या. मुलीचा, प्रज्ञाचा, नर्सिंगचा शेवटचा निकाल लागला होता.

"अजी, प्रज्ञा पास झाली."

"बासष्ट," उत्तमभाऊ म्हणाले.

"अजी, नर्स झाली आपली पोरगी!"

"त्रेसष्ट. चौसष्ट."

वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. ऐंशी वेढे झाले. त्यांनी तार बांधली, वेटोळं खाली ठेवलं, आणि मग तोंडावर दुपट्टा घेऊन असे रडले, की समोरचा जीपवाला मला विचारायला आला, कोण गेलं म्हणून.

*

पुढे खेळाचं नाव झालं. वाढदिवस, हळदी, बारसं, कुठूनही बोलावणी यायची. आम्ही तिघं जीपमध्ये मशीन घालून निघायचो.

मेडशीला एका हळदीच्या दिवशी नवरदेवाचे मामा खेळायला उभे राहिले. मामा भारदस्त, पांढरेशुभ्र कपडे, गावात शब्दाला मान. अर्धा फेरा बिनआवाजाचा गेला आणि लाईट गेली.

तबकडी जागीच थांबली. बझर बॅटरीवरचा, तो जागाच. मामांनी हात खाली घेतला असता तर लगेच वाजला असता.

"म्या सोडत नसतो," मामा म्हणाले.

पाऊण तास तो माणूस कडी धरून उभा. बायकांनी हाताने चहा पाजला. पंगत बसली तेव्हा बुंदीचे दोन घास भरवले. मग करवल्यांच्या लक्षात आलं की मामांना हलता येत नाही. त्या दिवशी मेडशीत नवरदेवापेक्षा जास्त हळद मामांना लागली.

शेवटी लाईट आली आणि मोटर सुटली उलटी. मामा जिथून निघाले होते तिथेच परत आले, बझर न वाजवता. आता हे जिंकले की हरले? मांडवात दोन तट पडले. सगळ्यांनी उत्तमभाऊंकडे पाहिलं.

"मामा, तुमी पोचले कुठीच नाई," ते म्हणाले. "पन हात नाई हालला." आणि त्यांनी मामांना दोन पेले दिले.

*

इथून पुढचे किस्से कोणी मागत नाही. मी आपली सांगते.

एका दुपारी उत्तमभाऊ भिंतीपलीकडून म्हणाले, "ताई, येवढी स्लीव्ह चढवून द्या." तारेच्या जोडावर एक बारीक नळी चढवावी लागते, तिला ते स्लीव्ह म्हणत. सुईत दोरा ओवण्यासारखं काम. मी चढवून दिली. दुसऱ्या दिवशी परत. मग रोजच.

मी मूळची आगाऊ. म्हटलं, "उत्तमभाऊ, चाळिशी कधीच मागे पडली तुमची. चष्मा लावायला लाज कसली?"

"होय ताई. नजरच गेली वाटते."

आठ दिवसांनी ते वाशीमला जाऊन आले ते काळ्या फ्रेमचा चष्मा लावूनच. गजानन त्यांना मास्तर म्हणायला लागला. स्लीव्ह मात्र माझ्याकडेच येत राहिल्या. विचारलं तर म्हणायचे, "चष्मा नवा हाये. सवय व्हाची हाये."

एकदा तो चष्मा माझ्या टेबलावर राहिला. न्यायला सुशीलावहिनी आल्या. त्यांना खरोखर जवळचं दिसत नाही. गंमत म्हणून त्यांनी तो लावून माझ्या दोऱ्याच्या रिळावरचा नंबर वाचायला घेतला आणि वाचता येईना. मग मी लावून पाहिला. काचा साध्या होत्या. बाजारात गाडीवर टांगलेले असतात तसल्या.

वहिनी कितीतरी वेळ त्या काचा पदराने पुसत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "त्यायले सांगू नका बाई, आपल्याले समजलं म्हून."

मी सांगितलं नाही. पण तेव्हापासून ते "स्लीव्ह" म्हणाले की मी हातातली साडी टाकून उठायचे.

*

शिरपूर जैनला एका वाढदिवसाला गेलो होतो. उत्तमभाऊंनी नेहमीप्रमाणे डाव्या हातात चहा घेतला, उजव्या हातात कडी. गजाननने बटण दाबलं.

दुसऱ्या वळणावर बझर वाजला.

लोक हसले. त्यांना वाटलं, मुद्दाम केलं. पण कपातला चहा त्यांच्या मनगटावरून ओघळत होता, तो मी पाहिला. त्यांनी कप खाली ठेवला. "कार्बन घासला असन," म्हणाले. फिरत्या तबकडीपर्यंत करंट पोचवायला मिक्सरचा कार्बन लावलेला होता. तो बदलला. बझर वाजला. मग बॅटरीची पिन घासली. वाजला. मग कडीच बदलली. वाजला.

बदलायला काही उरलं नाही. पोरं रांगेत ताटकळली होती. उत्तमभाऊंनी कडी रांगेतल्या पहिल्या मुलीच्या हातात दिली. सात-आठ वर्षांची असेल. तिने पूर्ण फेरा काढला, आवाज न होऊ देता. "शाब्बास," ते म्हणाले आणि तिला पेला दिला.

परत येताना जीपमध्ये त्यांनी मशीन मांडीवर घेतलं होतं. वाटेतलं मालेगाव आलं. मग म्हणाले, "ताई, मशीनमदीच फॉल्ट हाये. उद्या खोलून पाह्यतो."

तीन दिवस त्यांनी गिऱ्हाइकाचं काम बाजूला ठेवून ते मशीन खोललं आणि मिटलं. नुसत्या वासावरून मोटरचं कोणतं वेटोळं जळालं ते सांगणारा माणूस. त्याला तीन दिवस त्या खोक्यात फॉल्ट सापडत नव्हता, आणि मी भिंतीपलीकडे बसून साड्यांना फॉल लावत होते. मला त्यांना थांबवायचं होतं. मी पुढची साडी घेतली.

*

प्रज्ञाने त्यांना अकोल्याला डॉक्टरकडे नेलं. कंपवात निघाला.

दुसऱ्या दिवशी ते येऊन बाकड्यावर बसले. गाळा उघडलाच नाही. गजाननने विचारलं, "काय म्हने डॉक्टर?"

"म्हने, या कागदावर वेटोळं काढा."

"मंग?"

"बत्तीस वर्षं वेटोळेच भरून राह्यलो म्या," उत्तमभाऊ म्हणाले. "कागदावर एक नाई आलं."

गजानन असा माणूस की मयतीतही गप्प बसायचा नाही. तो उठला, पिशवीतली उरलेली मेथीची जुडी उत्तमभाऊंच्या शेजारी बाकड्यावर ठेवली आणि निघून गेला.

*

गोळ्या सुरू झाल्या. सकाळी घटकाभर हात त्यांचं ऐकायचा, मग नाही. गिऱ्हाइकं जुनी, ती मोटरी आणून टाकतच होती. तेव्हा आम्ही एक शक्कल काढली. दुपारी माझं दुकान मंद असतं. ते खुर्चीवर बसून मोजायचे, मी वेटोळं भरायचे.

माझ्या हातचा पहिला सिलिंग फॅन आम्ही लावून पाहिला. फिरला झकास, पण वारा सगळा छताकडे! दोन टोकं उलटी जोडली होती मी. गजानन मान वर करून म्हणाला, "वैनी, ब्लाऊज उलटा शिवला तुमी."

उत्तमभाऊ इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. तसे ते पुन्हा हसलेले मला आठवत नाहीत.

कारण त्याच आठवड्यात त्यांचं एक वीस वर्षांचं जुनं गिऱ्हाईक बोअरची मोटर घेऊन आलं. त्याने दारातून पाहिलं, खुर्चीवर मिस्त्री, खाली बसून तार भरणारी मी. मांडलेली मोटर त्याने परत उचलली. "येतो मंग," म्हणाला. तो काही आला नाही.

मला संताप आला. मी त्या माणसाला मागून दोन शब्द ऐकवणार होते. उत्तमभाऊंनी हात वर केला, थरथरतच. "त्याचं बराबर हाये ताई. म्याबी नसती ठेवली."

पुढच्या महिन्यापासून त्यांचं शटर अर्धंच उघडायला लागलं.

*

प्रज्ञाचा साखरपुडा घरीच ठरला. आदल्या दिवशी सुशीलावहिनी माझ्याकडे आल्या. "मुलाकडचे ते मशीन काढाच म्हनतीन. पोरीचा बाप खेळल्याबिगर राहनार नाई. येवढ्या मानसांत त्यायचा हात वाजू नाई बाई. काहीबी करा."

मी गजाननशी बोलले. सकाळी पाहुणे यायच्या आत त्याने स्वयंपाकघरात मशीन उलटं धरलं आणि मी बझरची तार कापली. कापडाच्या कात्रीने. कापडाच्या कात्रीने तार कधी कापू नये, हे मी शिकायला येणाऱ्या पोरींना पहिल्याच दिवशी सांगते. पात्याला खाच पडली. आजही कापड तिथे अडकतं.

त्रिशरण-पंचशील झालं, साखरपुडा झाला, जेवणं झाली. मुलाकडच्या पोरांनी मशीनसाठी गिल्ला केलाच. "पयला मान पोरीच्या बापाचा," गजाननने जाहीर केलं. त्यांच्यानंतर बॅटरी उतरली म्हणून सांगायचं, असं आमचं ठरलं होतं.

या वेळी उत्तमभाऊंनी चहाचा कप घेतला नाही. उजव्या हातात कडी धरली, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. गजाननने बटण दाबलं. मोटर पहिल्याच दाबाला सुलटी सुटली.

कडी तारेला लागत होती. टिक, टिक, टिक, असा बारीक आवाज मला कोपऱ्यात ऐकू येत होता. बझर गप्प होता. फेरा संपला, व्याह्यांनी टाळ्या वाजवल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या. गजानन मोठ्याने म्हणाला, "पाहा, उत्तमभाऊचा हात नाई हालत."

उत्तमभाऊंनी कडी खाली ठेवली. ते क्षणभर खोक्याकडे पाहत राहिले. आमच्या दोघांकडे पाहिलं नाही. प्रज्ञाने पुढे केलेला स्टीलचा पेला त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

"चाला," ते म्हणाले, "व्याह्यायले चहा द्या."

*

लग्न झालं. प्रज्ञाला अकोल्यातच नोकरी लागली, आणि आई-वडिलांना तिने तिकडेच नेलं. गाळा दुसऱ्याने घेतला. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात.

जायच्या दिवशी उत्तमभाऊंनी एक पोतं माझ्या टेबलावर ठेवलं होतं. "गजाननच्या नातीसाठी," म्हणाले. आत मशीन होतं. मी ते पोतं तसंच माळ्यावर टाकलं. उघडायची हिंमत होत नव्हती.

नातीचा वाढदिवस आला तेव्हा गजानन तिला घेऊन दुकानात आला. "वैनी, तेवढी तार जोडून द्या."

मी पोतं सोडलं, मशीन टेबलावर उलटं केलं आणि चिकटपट्टी हातात घेतली.

तार जोडलेली होती.

आतल्या प्लायवूडवर सोल्डरिंगच्या तापत्या सळईचे चटके होते, जागोजागी, मी मोजले नाहीत. सोल्डरचे थेंब सगळीकडे सांडून थिजले होते. शेजारच्या दोन तारांचं प्लास्टिक जळालेलं होतं. जोडावर एक भलामोठा गोळा झाला होता, असला जोड त्यांच्या हातचा मी कधी पाहिला नव्हता. आणि त्या जोडावर स्लीव्ह होती. नीट, शेवटपर्यंत ओढून चढवलेली.

गजानन बराच वेळ वाकून पाहत राहिला. मग त्याने मशीन सुलटं केलं, बॅटरी लावली, प्लग घातला, कडी हातात घेतली आणि बटण दाबलं.

पहिल्याच वळणावर बझर वाजला.

नात तोंड उघडून तयार होती, त्याचं वाक्य त्याच्याबरोबर म्हणायला. गजाननने कडी हळूच टेबलावर ठेवली.

"माहा हात हालला," तो म्हणाला.